दहा गुंठ्यांचा कायदा, एका गुंठ्याचा माणूस

कात्रजचा बोगदा ओलांडून गाडी सातारा रस्त्याला लागली, की पुणे मागे पडले असे वाटण्याचा एक काळ होता. आज तसे वाटत नाही. शिंदेवाडी, वेळू, खेड शिवापूर, नसरापूरचा चेलाडी फाटा, कामथडी, कापूरहोळ अशी गावे मागे टाकत गाडी नीरेच्या पुलाकडे जाते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे, कारखान्यांच्या शेड आणि हॉटेले दिसत राहतात. नीरा ओलांडली की जिल्हा बदलतो. पण देखावा बदलत नाही, कारण पलीकडे शिरवळचे कारखाने उभे आहेत. शेतीवर भागत नाही म्हणून भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरत आला. आता रोजगार त्याच्या उंबऱ्याशी आला आहे आणि त्याच्या मागोमाग मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून माणसेही आली आहेत. कामाचा प्रश्न काही अंशी सुटला. मात्र पाळी संपल्यावर या माणसाने पाठ टेकायची कुठे, हा प्रश्न सुटलेला नाही.

घरांचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईची झोपडपट्टी उभी राहते. सरकारी योजनाही बहुतेक दोन टोकांच्या असतात. एका टोकाला अगदी गरीब कुटुंबाचे घरकुल, दुसऱ्या टोकाला गृहकर्ज काढू शकणाऱ्या नोकरदाराची सदनिका. या दोन टोकांच्या मधला माणूस कोणाच्याच हिशेबात येत नाही. मशीनवरचा ऑपरेटर, पॅकिंग विभागातली बाई, गोदामातला हमाल, सुरक्षारक्षक, टेम्पोचा चालक, लहान दवाखान्यातली परिचारिका ही ती माणसे. त्यांना दरमहा पगार मिळतो, म्हणून घरकुलाच्या यादीत त्यांचे नाव नाही. तो पगार कंत्राटदाराकडून मिळतो, म्हणून बँक त्यांना दारात उभे करत नाही. यांच्या जोडीला गावचा माणूसही आहेच. तीन भावांतल्या धाकट्याच्या वाट्याला वडिलोपार्जित घरातली एक खोली आली आणि लग्नानंतर ती पुरेनाशी झाली, की तोही याच रांगेत येऊन उभा राहतो.

या साऱ्यांना परवडेल असे घर मिळत नाही, याचे एक कारण जमिनीचे चढते भाव हे आहेच. त्यावर गावाचा किंवा तालुक्याचा फारसा इलाज चालत नाही. दुसरे कारण मात्र नियमांत दडलेले आहे आणि ते बदलणे माणसांच्या हातात आहे. कायद्याने सुखासुखी विकत घेता येईल असा जमिनीचा सर्वांत लहान तुकडा या माणसाच्या ऐपतीपेक्षा कितीतरी मोठा ठेवला गेला आहे. त्याला परवडणारा तुकडा बाजारात आहे, रोज विकला जातो आहे. फक्त तो कायद्याच्या बाहेर आहे. कामथडीसारख्या गावांचे उद्याचे रूप या एका विसंगतीवर ठरणार आहे.

कारखान्याबरोबर घर येत असे

कारखाना आणि कामगाराचे घर यांचा एकत्र विचार आपल्याकडे कधी झालाच नाही, असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा त्याच्याबरोबर किर्लोस्करवाडी हे गावही वसवले. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले ते साखर कारखान्याच्या भोवतीच. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, तेव्हा कारखान्यालगत कामगारांची वसाहत बांधली गेली. त्या काळच्या उद्योजकाला आणि सरकारलाही हे कळत होते, की कामगार म्हणजे केवळ दोन हात नव्हेत. त्या हातांमागे बायकामुले आहेत आणि त्यांना छप्पर लागते.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. कारखान्याला भूखंड, रस्ता, पाणी आणि वीज देण्याची उत्तम व्यवस्था त्याने उभी केली. घरांसाठी वेगळी व्यवस्था हवी म्हणून १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आले. औद्योगिक कामगाराला परवडणारे घर देणे हा त्याचा एक मुख्य हेतू होता. निगडीच्या परिसरात प्राधिकरणाने वसवलेल्या पेठा आजही रस्ते आणि झाडे यांमुळे नजरेत भरतात. परंतु जमिनी ताब्यात घेऊन भूखंड पाडण्याचा वेग कामगारांच्या लोंढ्याला पुरला नाही. ज्यांना भूखंड मिळाला नाही, त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांकडून अर्धा-एक गुंठा घेतला आणि घर बांधले. त्यातली कित्येक घरे आरक्षणाच्या किंवा संपादनाच्या जमिनीवर निघाली. मग ती अनधिकृत ठरली, त्यांच्यावर ‘शास्ती कर’ बसला, वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, निवडणुका त्या प्रश्नावर लढवल्या गेल्या आणि अखेर २०२३ मध्ये तो कर माफ झाला. प्राधिकरण स्वतः २०२१ मध्येच विसर्जित झाले होते. घर वेळेवर दिले नाही तर माणूस घर बांधायचे थांबत नाही, तो कायद्याबाहेर बांधतो, हा पिंपरी-चिंचवडचा धडा आहे.

दरम्यान कामगाराचे स्वरूपही पालटले. कायम नोकरीची जागा कंत्राटी कामाने घेतली. चहामळ्याच्या मालकाने कामगाराला राहण्याची जागा द्यावी, असे १९५१ च्या मळेकामगार कायद्याने सांगितले होते. कारखानदारावर तशी सर्वसाधारण सक्ती कधीच नव्हती. पूर्वी कारखानदार ते स्वखुशीने करी, कारण कसबी कामगार टिकवणे ही त्याची गरज होती. आज कामगार कंत्राटदाराचा, कंत्राटदार दुसऱ्या गावचा आणि खोली तिसऱ्याच्या मालकीची, अशी व्यवस्था आहे.

कागदावरचा गुंठा

आता कायद्याकडे वळू. शेतजमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा आणि त्यांच्या एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याचा हेतू चांगला होता. वाटण्या होत होत शेत इतके लहान होऊ नये, की त्यात बैलजोडीही वळणार नाही, हे त्यामागचे शहाणपण. म्हणून ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरले आणि त्याहून लहान तुकड्याच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असे ठरवण्यात आले.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चार माणसांच्या कुटुंबाला बैठे घर, मोरी, संडास आणि दारात दोन झाडे एवढ्याला अर्धा-पाऊण गुंठा पुरतो. कायदा मात्र कमीत कमी १० गुंठे, म्हणजे १०,८९० चौरस फूट घ्या, असे सांगतो. हिशेबापुरता गुंठ्याचा भाव पाच लाख रुपये धरू आणि कामगाराचा पगार महिना वीस हजार. एका गुंठ्याला त्याची दोन वर्षांहून थोडी अधिक अशी पुरी कमाई लागेल. पोटाला चिमटा काढून, गावाकडची गाय विकून, मेहुण्याकडून उसने घेऊन तो ते कसेबसे जमवील. दहा गुंठ्यांना मात्र वीस वर्षांची सगळी कमाई लागेल.

यावर बाजाराने आपला तोडगा केव्हाच काढला आहे. दहा-अकरा जण मिळून एकाच दस्ताने सामाईक खरेदी करतात. सातबारावर सगळ्यांची नावे एकाखाली एक चढतात. कोणाचा तुकडा कोणता, हे जमिनीवर चुन्याच्या फक्कीने ठरते. किंवा खरेदीखत होतच नाही. शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरीपुढे करार होतो, सोबत कुलमुखत्यारपत्र घेतले जाते आणि पैसे हातात पडतात. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराची नोंद झाली, की माणसाला आपण मालक झालो असे वाटते. प्रत्यक्षात त्याला बँकेचे कर्ज मिळत नाही, मंजूर नकाशा मिळत नाही. सामाईकातल्या एकाने आपला हिस्सा कोणाला विकला किंवा मूळ मालकाच्या बहिणीने वारसहक्काचा दावा लावला, तर त्याच्या आयुष्याची पुंजी कोर्टात जाऊन बसते.

शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. २००१ साली गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा झाला. २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात घेण्यात आली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार नियमित करायला २०१७ च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या २५ टक्के शुल्क ठेवले. ते भरायला फारसे कोणी आले नाही, म्हणून २०२४ मध्ये ते ५ टक्क्यांवर आणले. २०२५ च्या अखेरीस तर अध्यादेश काढून ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे असे व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. ज्यांची घरे त्यात अडकली होती, त्यांच्या दृष्टीने ही मोठीच सुटका आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे.

पण या क्रमातून एक अर्थही निघतो. ज्याने पहिल्याच फेरीत शुल्क भरले तो मूर्ख ठरला आणि जो थांबला तो शहाणा. आज जो नोटरीवर अर्धा गुंठा विकतो आहे, तोही गिऱ्हाईकाला हेच सांगणार, ‘काळजी करू नका, आणखी चार वर्षांनी हेही नियमित होईल.’ शिवाय नियमित होतो तो कागद. शुल्क माफ झाल्याने आठ फुटांची बोळ वीस फुटांची होत नाही, सांडपाण्याला वाट मिळत नाही आणि अग्निशमनाचा बंब आत शिरू शकत नाही. झालेल्या गोष्टी पोटात घालणारा कायदा आपल्याकडे दर दहा-वीस वर्षांनी होतो. व्हायच्या आधी लहान तुकडा सरळ मार्गाने उपलब्ध करून देणारी व्यवस्था मात्र होत नाही.

जाणकार वाचक येथे म्हणतील, की लहान भूखंडाला बंदी आहेच कुठे? हे म्हणणे अर्धे खरे आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने लहान घरांची वाट पुष्कळ सोपी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर बांधणाऱ्याला परवानगीसाठी हेलपाटे घालायची गरज ठेवली नाही. ३०० चौरस मीटरपर्यंत परवान्याची पद्धत सुटसुटीत केली. गावठाणालगतच्या २०० मीटरच्या पट्ट्यात बिनशेतीची कटकट कमी करणारी तरतूद महसूल कायद्यात आली आहे. परंतु या सवलतींचा लाभ घ्यायला भूखंड मुळात कायदेशीर असावा लागतो. लहान कायदेशीर भूखंड निघतो तो मंजूर रेखांकनातून, म्हणजे ले-आउटमधून. रेखांकनाला पुरेशा रुंदीचा रस्ता लागतो, मोठे क्षेत्र असेल तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, मोजणी, नकाशे आणि शुल्के आली. वीस-तीस गुंठ्यांच्या धन्याला हे एकट्याने झेपत नाही. ज्याला झेपते तो मोठा विकासक. आणि तो कामगारासाठी नव्हे, तर पुण्या-मुंबईच्या गुंतवणूकदारासाठी ‘वीकएंड होम’चे भूखंड पाडतो. त्याच्या भूखंडावर कुंपण असते, कमान असते. राहायला मात्र कोणी नसते.

नियम नकोत असे म्हणण्यातला धोका

मग नियमच काढून टाकावेत काय? या पट्ट्यातल्या लोकांनी तरी असे म्हणू नये. जून २०१३ मध्ये शिंदेवाडीजवळ पावसाचे पाणी डोंगरावरून महामार्गावर लोटले आणि त्यात एक आई आणि तिची लहानगी मुलगी वाहून गेली. वरच्या बाजूला बेकायदा डोंगर फोडून सपाटीकरण चालले होते, ओढ्याची वाट बुजली होती. शिंदेवाडी भोर तालुक्यातली. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधू नये, हा नियम कुणाला कटकटीचा वाटला असेल. तो कशासाठी आहे, हे त्या दिवशी कळले.

दुसरे उदाहरण अलीकडचे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरील नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या आजाराची साथ आली. चालती-फिरती माणसे एकाएकी लुळी पडू लागली; पुणे परिसरातील रुग्णांची संख्या दोनशेच्या घरात गेली. साथीचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला. ही गावे २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आली होती. इमारती आधी आल्या, महापालिका मागून आली आणि शुद्ध पाणी त्याच्याही मागे राहिले. आज जे नांदेड-किरकटवाडीचे झाले, ते उद्या नसरापूर-कामथडीचे होऊ नये असे वाटत असेल, तर लहान घराला वाट देणारा आणि ओढ्याला, उताराला, पाण्याला जपणारा असे दोन्ही नियम एकत्र हवेत. गरिबाला सवलत म्हणजे गटाराला सुट्टी, हा समज मोडला पाहिजे.

नियोजनाची स्थिती मात्र दुबळी आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ साली स्थापन झाले. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांचा काही भाग त्यात येतो. २०२१ मध्ये त्याचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द करण्यात आला. म्हणजे आजही हाताशी आहे ती १९९७ साली मंजूर झालेली प्रादेशिक योजना. त्या वेळी मोबाइल फोन ही चैनीची वस्तू होती. योजनेच्या नकाशावर जो ‘शेती विभाग’ म्हणून हिरवा रंगवला गेला, त्यातल्या किती ठिकाणी आज शेत उभे आहे आणि किती ठिकाणी खोल्यांची रांग, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. आता पुण्याभोवतीचा वर्तुळाकार मार्ग याच पट्ट्यात, भोर तालुक्यातील वरवे येथे, सातारा रस्त्याला मिळेल अशी आखणी आहे. हा रस्ता होईल तेव्हा भाव आणखी चढतील. आराखड्याची वाट पाहत बसायला त्यामुळे फारसा अवधी उरलेला नाही.

नियमातल्या एका शब्दाची किंमत

नियमावलीतला एखादा शब्द किती घरे देऊ किंवा घेऊ शकतो, याचे सर्वांत कडू उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ प्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना तिचा एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागेला, एक तृतीयांश भाग घरांसाठी ‘म्हाडा’ला आणि उरलेला मालकाला, असा सर्वसाधारण हिशेब होता. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि ही वाटणी गिरणीच्या आवारातील फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. इमारतींखालची जमीन वगळल्यावर वाटायला उरले ते थोडे. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दीड लाखाहून अधिक गिरणी कामगार आणि त्यांचे वारस घरासाठी अर्ज करून बसले, त्यामागे ‘मोकळी’ या एका विशेषणाचा मोठा वाटा आहे.

पळवाटही शब्दांतूनच निघते. दहा लाखांवर वस्तीच्या महापालिकांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पात वीस टक्के घरे अल्प उत्पन्नवाल्यांसाठी ठेवावीत, असा नियम २०१३ पासून आहे. नाशिकमध्ये जमिनीचे चार हजारांहून कमी मीटरचे तुकडे पाडून तो चुकवल्याचा आरोप २०२२ मध्ये विधिमंडळात गाजला. गरिबाला तुकडा पाडायला बंदी आणि मोठ्याला तुकडा पाडून सुटका, असा हा उलटा न्याय!

नियम नीट बसला तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात १९९८ पर्यंत घराच्या भूखंडाला साधारण ५,००० चौरस फुटांची किमान मर्यादा होती. ती मध्यवर्ती भागात १,४०० चौरस फुटांपर्यंत खाली आणली गेली आणि २०१३ मध्ये ही सवलत शहरभर लागू झाली. एका जुन्या घराच्या जागी तीन-चार लहान घरे कायदेशीरपणे उभी राहू लागली. गुंठा १,०८९ फुटांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हे उदाहरण आपल्याला किती जवळचे आहे ते कळेल.

आणखी जवळचे उदाहरण इंदूरचे. होळकरांच्या या नगरीत स्थापत्यविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात ‘अरण्य’ ही वसाहत आखली. सुमारे साडेसहा हजार भूखंड. त्यातले बहुसंख्य गरिबांसाठी, लहानात लहान सुमारे ३५ चौरस मीटरचा, म्हणजे गुंठ्याच्या एक तृतीयांश. संस्थेने पुरी घरे बांधून दिली नाहीत. रस्ते, पाणी, मलनिस्सारण, जोते आणि संडास-मोरीचा गाभा एवढे केले. बाकीचे घर माणसाने आपल्या कमाईप्रमाणे वाढवत न्यावे, अशी ती योजना होती. आपल्या सोलापूरनेही आपल्या पद्धतीने वाट दाखवली. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये पुरी झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये तेथीलच ‘रे नगर’ या तीस हजार घरांच्या योजनेतील पहिली पंधरा हजार घरे कामगारांच्या ताब्यात आली. संघटित कामगार, सहकारी संस्था आणि सरकारी अनुदान अशी तिहेरी मोट तेथे बांधली गेली. भोरच्या पट्ट्यात कंत्राटी कामगाराची तशी संघटना नाही. म्हणून येथे पुढाकार घ्यावा लागेल तो गावाने.

गावाच्या हाती काय आहे

पहिली गोष्ट, लहान तुकड्याला सरळ दार. कामथडीसारख्या गावात गावठाणालगतच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या जमिनी एका सामाईक रेखांकनात घालाव्यात. नगररचना योजनेची तरतूद आपल्याकडे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आहे. या पद्धतीत जमीन जात नाही. प्रत्येकाचा थोडा हिस्सा रस्ते, शाळा, टाकी यांना कापला जातो आणि उरलेली जमीन नीट आकाराची होऊन मालकालाच परत मिळते. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी सुमारे चारशे एकर एकत्र आणून आपल्या जमिनीचे सोने केले, हे पुणे जिल्ह्याने पाहिले आहे. तेथे श्रीमंतांची नगरी झाली. येथे रेखांकनातले ठरावीक भूखंड अर्ध्या आणि एका गुंठ्याचेच असतील, अशी अट घालता येईल. त्या बदल्यात मोजणी शुल्क, विकास शुल्क शासनाने माफ करावे. व्यवहार झाल्यावर माफी देण्यापेक्षा व्यवहारापूर्वी सूट दिलेली काय वाईट?

दुसरी गोष्ट, भाड्याची खोली. प्रत्येक कामगाराला मालकीचे घर नको असते. दोन वर्षांसाठी आलेल्या तरुणाला स्वच्छ खोली हवी असते. आज दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच जण पाळीपाळीने झोपतात, कारण अशा खोल्यांची चाळ ही नियमांच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. जी गोष्ट कागदावर नाही, तिची तपासणी कोण करणार? शेतकऱ्याला आपल्या वाडग्यात आठ-दहा खोल्या बांधून भाड्याने देण्याचा साधा परवाना मिळावा. मात्र माणशी किमान जागा, इतक्या माणसांमागे एक संडास, दोन बाजूंनी वारा आणि बाहेर पडायला दुसरी वाट एवढ्या अटी काटेकोर असाव्यात. शेतकऱ्याला दरमहा उत्पन्न, कामगाराला निवारा आणि ग्रामपंचायतीला घरपट्टी, असा तिघांचा त्यात लाभ आहे. जमीन विकून टाकण्यापेक्षा ती राखून भाडे खाणे शेतकऱ्याच्या पुढच्या पिढीलाही हिताचे.

तिसरी गोष्ट, खर्चाची वाटणी. कारखाना एका गावच्या हद्दीत असतो आणि कामगार झोपतो दुसऱ्या गावात. शिरवळला काम करणारा माणूस नीरेच्या अलीकडे राहिला, तर कारखान्याचा कर सातारा जिल्ह्यातल्या गावाला आणि त्याच्या सांडपाण्याचा भार पुणे जिल्ह्यातल्या गावाला, अशी ही विभागणी होते. राज्याच्या मे २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात औद्योगिक क्षेत्रातील दहा ते तीस टक्के सुविधा भूखंड निवासासाठी राखण्याचा विचार मांडला आहे. तो स्वागतार्ह आहे. पण या पट्ट्यातले पुष्कळसे कारखाने आणि गोदामे औद्योगिक वसाहतींच्या बाहेर, खासगी जमिनींवर आहेत. त्यांना परवाना देतानाच कामगारांच्या निवासाचा हिस्सा जमिनीच्या किंवा पैशाच्या रूपाने घेतला पाहिजे, आणि तो ज्या गावात कामगार राहतो त्या गावाच्या पाण्या-गटारासाठी खर्च झाला पाहिजे.

चौथी गोष्ट नकाशाची. गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग शेजारच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी झाला आणि तशीच मोजणी पुढे २०२० साली केंद्राच्या ‘स्वामित्व’ योजनेत देशभर आली. गावठाणातल्या घराला त्यामुळे मालमत्तापत्रक मिळू लागले. हीच मोजणी गावठाणाबाहेरच्या वस्तीपर्यंत नेली, तर कोठे घर आहे, कोठे ओढा आहे, कोठे उतार आहे, हे एका कागदावर येईल. तो कागद चावडीवर लावला, की अर्धी भांडणे तेथेच मिटतील.

यावर गावातून आक्षेप येतील आणि ते खोटे नाहीत. बाहेरची माणसे आली की गाव गाव राहणार नाही, उन्हाळ्यात आम्हालाच पाणी पुरत नाही, हे दुखणे खरे आहे. परंतु बाहेरचा माणूस यायचा थांबलेला नाही; तो आलेला आहे. प्रश्न एवढाच, की तो ओढ्याच्या काठी पत्र्याच्या खोलीत राहणार, की आखलेल्या गल्लीत नळाच्या घरी. आणि मघाचा तो धाकटा भाऊ तर बाहेरचा नाहीच. त्याला आपल्याच गावात, आपल्याच शिवारात, कायद्याने एक गुंठा मिळत नाही, हे कामथडीच्या किंवा कोणत्याही गावच्या ग्रामसभेला मान्य होण्यासारखे नाही.

तुकडेबंदीचा कायदा झाला तेव्हा शेत वाचवायचे होते. ते काम अजून संपलेले नाही. नदीकाठची काळी जमीन आजही वाचवायला हवी. पण महामार्गालगतच्या मुरमाड माळावर, जेथे नांगर फिरणे केव्हाच थांबले आहे, तेथे तोच कायदा आता शेत वाचवत नाही. तो फक्त घर बेकायदा ठरवतो. कोठे शेत राखायचे आणि कोठे गल्ली आखायची, हे वर्तुळाकार मार्ग येण्याआधी गावाने ठरवायचे आहे. नंतर ते दलाल ठरवतील, आणि त्यांच्या फक्कीच्या रेघेला ओढा दिसत नाही.